आधी मायना, मग मजकूर : अमेरिकी वकिलातीची तार वाचायची कशी

आणीबाणीत मुंबईतली अमेरिकी वकिलात वॉशिंग्टनला काय कळवत होती, हे आता घरबसल्या वाचता येतं. पैसे पडत नाहीत, परवानगी लागत नाही. तरीही या तारांचा आधार घेऊन लिहिलेलं बरंचसं लेखन लंगडं असतं, कारण वाचणारा थेट मजकुरात उडी मारतो. त्यातलं एखादं चटपटीत वाक्य उचलतो आणि ‘अमेरिकेचं मत असं होतं’ म्हणून छापून टाकतो. खरं तर ते मत बहुधा वकिलातीतल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने एका स्थानिक पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असतं. तारेचा खरा ऐवज वरच्या दहाबारा ओळींत असतो. कोणी, कोणाला, किती घाईने कळवलं आणि कोणाला कळू द्यायचं नव्हतं, हे सगळं मायन्यातच लिहिलेलं असतं.

मूळ कागदावर मायना आणि सत्तरच्या दशकातला सगळा मजकूर मोठ्या रोमन अक्षरांत, टेलिप्रिंटरच्या ठशात आहे. इथे त्या खुणा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. शोध घेताना त्या रोमनमध्येच टाकायच्या.

शोधायचं कुठे

वर्षावर सगळं ठरतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याने तारा संगणकात साठवायला १९७३ साली सुरुवात केली. त्यामुळे १९७३ ते १९७९ या काळातल्या खुल्या झालेल्या तारा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘ॲक्सेस टू आर्कायव्हल डेटाबेसेस’ या संकेतस्थळावर शब्दशोधासह मिळतात. वर्षागणिक वेगळे संच आहेत. शोधायच्या आधी आपण योग्य वर्षाच्या संचात आहोत ना, ते पाहा. नाहीतर ‘काहीच सापडत नाही’ म्हणून उगाच हात टेकाल.

१९७३च्या आधीचे कागद मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या अभिलेखागारात खोक्यांमध्ये आहेत. तिकडे जाणं शक्य नसेल तर ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही खात्याची अधिकृत ग्रंथमाला पूर्ण जालावर आहे. बांगलादेश युद्धासाठी तिच्या १९६९–१९७६ मालिकेचा अकरावा खंड पाहावा. हे निवडलेले कागद आहेत, एवढं ध्यानात ठेवा. संपादकांना जे महत्त्वाचं वाटलं ते छापलं. मुंबईच्या गिरणी संपावरची साधी तार तिथे मिळण्याची आशा कमीच.

तिसरी वाट माहिती स्वातंत्र्य कायद्याची. अर्जदार अमेरिकी नागरिक असावा अशी त्यात अट नाही, पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. फक्त ‘मुंबईविषयी सगळं द्या’ असा अर्ज करू नका. तारेचा क्रमांक आणि तारीख देऊन एक नेमका कागद मागा. असा अर्ज मार्गी लागण्याची शक्यता कितीतरी जास्त.

शोधशब्द टाकताना त्या काळाचं स्पेलिंग वापरायचं. मुंबई नव्हे बॉम्बे, पुणे नव्हे पूना, चेन्नई नव्हे मद्रास. आडनावांची स्पेलिंगं अधिकाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ‘ठाकरे’ तीन-चार प्रकारे टाकून पाहावं लागतं. ‘चव्हाण’ टाकलं तर वेगळीच गंमत होते. १९७५-७६मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री होते आणि शंकरराव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. तारेत कित्येकदा नुसतं आडनाव असतं. कोणते चव्हाण, हे विषय आणि तार कुठून निघाली त्यावरून ठरवायचं. आणि एक, गुजरातची बातमीही मुंबईहूनच जायची, कारण गुजरात याच वकिलातीच्या कार्यक्षेत्रात येतो. १९७४च्या नवनिर्माण आंदोलनाचा शोध घेणाऱ्याने ‘अहमदाबाद’ हा शब्द मजकुरात शोधावा, पाठवणाऱ्याच्या जागी मात्र ‘बॉम्बे’ धरावं.

मायना ओळीओळीने

खालचा मायना नमुन्यासाठी रचला आहे, क्रमांकांच्या जागी शून्यं आहेत. सांगाडा मात्र १९७५च्या तारांचाच.

ॲक्शन एनईए-१०
इन्फो आयएनआर-०७ एल-०३ एच-०२ … /०७९ डब्ल्यू
पी २५२०३०झेड जून ७५
एफएम ॲमकॉन्सल बॉम्बे
टू सेकस्टेट वॉशडीसी प्रायॉरिटी ००००
इन्फो ॲमएम्बसी न्यू डेल्ही
ॲमकॉन्सल कॅलकटा
ॲमकॉन्सल मद्रास
कॉन्फिडेन्शियल बॉम्बे ००००
ई.ओ. ११६५२: जीडीएस
टॅग्ज: पिंट, आयएन
रेफ: न्यू डेल्ही ००००

पहिल्या दोन ओळी मुंबईत लिहिलेल्या नाहीत. त्या वॉशिंग्टनला तार पोचल्यावर तिथल्या वाटप कक्षाने चढवल्या. ‘ॲक्शन’पुढे ज्या विभागाचं नाव, त्याच्यावर पुढची कार्यवाही करण्याची जबाबदारी. त्या काळी भारत ‘एनईए’कडे, म्हणजे पश्चिम आशिया आणि दक्षिण आशिया सांभाळणाऱ्या विभागाकडे होता. आकडा प्रतींचा: एनईएला दहा, गुप्तवार्ता-संशोधन विभागाला म्हणजे आयएनआरला सात, विधी सल्लागाराला तीन, काँग्रेसशी संबंध ठेवणाऱ्या ‘एच’ला दोन. तिरप्या रेषेपुढचा आकडा म्हणजे एकूण प्रती. एखाद्या राजकीय तारेच्या यादीत अर्थविषयक किंवा शेतीविषयक कार्यालयाचं नाव दिसलं की थबकायचं. त्या बातमीत त्यांचा काय संबंध, हा प्रश्न पुष्कळदा मजकुरापेक्षा मोलाचा ठरतो.

तिसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर निकडीचं. ‘आर’ म्हणजे नेहमीची, ‘पी’ म्हणजे प्राधान्याची, ‘ओ’ म्हणजे तातडीची आणि ‘झेड’ म्हणजे विजेच्या वेगाने, युद्धबिद्ध सुरू झालं असेल तरच. कधी दोन अक्षरं जोडीने येतात, ‘ओ पी’ अशी. पहिलं ज्यांनी कृती करायची त्यांच्यासाठी, दुसरं ज्यांना फक्त माहितीसाठी प्रत जाते त्यांच्यासाठी. ‘नियॅक्ट’ हा शब्द दिसला तर ही तार आली की रात्री संबंधित अधिकाऱ्याला उठवून कामाला लावायचं, असा त्याचा अर्थ.

त्यापुढच्या सहा अंकांवर नवखे हमखास घसरतात. पहिले दोन अंक तारखेचे, पुढचे चार वेळेचे, आणि ‘झेड’ म्हणजे ग्रिनिच वेळ. मोडी पत्रातलं ‘छ’ पाहून ज्यांना मुसलमानी तारखेचं गणित मांडायची सवय आहे, त्यांना हे जड जाऊ नये. ग्रिनिच वेळेत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. नमुन्यातली तार २५ जूनची दिसते, पण २०३०मध्ये साडेपाच तास मिळवल्यावर मुंबईत २६ जूनची पहाटेची दोनची वेळ निघते. म्हणजे आणीबाणीचा हुकूम निघून गेलेला. त्याच क्षणी वॉशिंग्टनमध्ये २५ जूनच्या दुपारचे साडेचार वाजलेले, कचेऱ्या उघड्या. ‘अमेरिकेला आदल्या दिवशीच ठाऊक होतं’ यासारखे शोध बहुतेक या साडेपाच तासांतून जन्माला येतात. टिपण काढताना ग्रिनिच आणि भारतीय, दोन्ही वेळा शेजारीशेजारी लिहायची सवय लावून घ्या.

‘टू’ आणि ‘इन्फो’ यांतला फरक साधा. ‘टू’ने कृती करायची, ‘इन्फो’ने वाचून फाइलला लावायची. मुंबईच्या बहुतेक राजकीय तारांची प्रत दिल्लीला, आणि सोबत कलकत्ता व मद्रासच्या वकिलातींना जात असे. इस्लामाबादला प्रत गेली असेल तर त्या बातमीला पाकिस्तानची बाजू आहे असं तार लिहिणाऱ्याला वाटलं होतं. नेहमीच्या यादीतून दिल्लीच गाळली असेल तर मात्र कान टवकारावेत.

‘ई.ओ. ११६५२’ म्हणजे निक्सन यांचा १९७२चा गोपनीयतेचा आदेश, आणि ‘जीडीएस’ म्हणजे त्यातलं ठरलेलं वेळापत्रक: साधी गोपनीय (‘कॉन्फिडेन्शियल’) तार सहा वर्षांत, गुप्त (‘सीक्रेट’) आठ वर्षांत, अतिगुप्त (‘टॉप सीक्रेट’) दहा वर्षांत खुली व्हायची. हे कागदावर. प्रत्यक्षात १९७५च्या अनेक तारांवर तळाशी २००६चा शिक्का दिसतो. तो शिक्का तपासणीचा आहे, तारेची तारीख म्हणून तो उतरवून घेऊ नका. क्रमांक बदललेला दिसला तर काळही ओळखता येतो. १२०६५ म्हणजे कार्टर, १२३५६ म्हणजे रेगन, १२९५८ म्हणजे क्लिंटन, १३५२६ म्हणजे ओबामा.

‘टॅग्ज’ या विषयखुणा. ‘पिंट’ म्हणजे अंतर्गत राजकारण, ‘पगोव्ह’ म्हणजे शासनव्यवहार, ‘आयएन’ म्हणजे भारत, ‘पीके’ म्हणजे पाकिस्तान. शब्दशोधाने पाचपन्नास तारा निसटतात, त्या विषयखूण आणि तारीख एकत्र टाकली की सापडतात.

वाटपाच्या चिठ्ठ्या

गोपनीयतेची पायरी वेगळी आणि वाटपाची चिठ्ठी वेगळी. पायरी सांगते की कागद फुटला तर किती नुकसान होईल. चिठ्ठी सांगते की आपल्याच माणसांपैकी कोणी तो पाहायचा नाही. ‘लिमडिस’ म्हणजे मर्यादित वाटप. ‘एक्सडिस’ म्हणजे त्याहून आवळलेलं. ‘नोडिस’ म्हणजे नावाने पाठवलेल्या माणसाशिवाय कोणालाही नाही. ‘स्टाडिस’ म्हणजे परराष्ट्र खात्याबाहेर जाऊ द्यायची नाही, संरक्षण खात्यालाही नाही. ‘नोफॉर्न’ म्हणजे परदेशी माणसाला दाखवायची नाही. साध्या ‘कॉन्फिडेन्शियल’ तारेवर ‘नोडिस’ असेल, तर ती कोणतीही चिठ्ठी नसलेल्या ‘सीक्रेट’ तारेपेक्षा कमी लोकांनी वाचलेली असते.

वाटप हेच राजकारण कसं होतं, ते ढाक्याच्या तारेत दिसतं. २८ मार्च १९७१ला महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींविषयी ‘निवडक वंशसंहार’ असं शीर्षक देऊन तार केली होती. ६ एप्रिलला पुढची गेली: ढाका ११३८. वीस अमेरिकी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवली. ब्लड यांनी त्या निवेदनावर सही केली नाही. आपलंही मत तेच आहे, पण इथला प्रमुख अधिकारी म्हणून सही करणं योग्य नाही, असं त्यांनी खाली जोडलं. तारेवरची गोपनीयता फक्त ‘कॉन्फिडेन्शियल’, आणि ती वॉशिंग्टनबरोबर इस्लामाबाद, कराची, लाहोरलाही गेली. परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांनी त्याच दिवशी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना फोन केला. त्यांची तक्रार होती की या लोकांनी वाटप एवढं मोठं केलंय की हे आता फुटणारच. हे संभाषणही त्याच अकराव्या खंडात तारेच्या शेजारी छापलेलं आहे. दोन्ही एकत्र वाचा. मजकुराइतकाच मायना झोंबला होता, हे लगेच कळतं.

मजकूर

पहिला परिच्छेद बहुधा सारांशाचा, ‘एंड समरी’पर्यंत. वरचे अधिकारी पुष्कळदा तेवढंच वाचायचे, म्हणून लिहिणारा आपलं वजन तिथेच टाकतो. पुढचे परिच्छेद क्रमांकित. त्यांत तीन आवाज मिसळलेले असतात आणि ते सोडवून घेणं हेच वाचकाचं काम. समोरच्या माणसाने काय सांगितलं, हा पहिला. अधिकाऱ्याने स्वतः काय पाहिलं, हा दुसरा. त्याला काय वाटलं, हा तिसरा आणि तो ‘कॉमेंट’ या शब्दानंतर येतो. छापील प्रत काढून तीन रंगांच्या पेन्सिलींनी रेघा मारा. पहिल्या रंगाचा भाग फार मोठा निघाला तर ती तार म्हणजे ऐकीव गप्पा. अशा गप्पांत सांगणारा माणूस अमेरिकी पाहुण्याला रुचेल तेच बोललेला असू शकतो, हे विसरायचं नाही.

संक्षेप थोडेच आहेत. ‘जीओआय’ म्हणजे भारत सरकार, ‘यूएसजी’ म्हणजे अमेरिकी सरकार, ‘एमईए’ म्हणजे आपलं परराष्ट्र मंत्रालय, ‘पोलऑफ’ म्हणजे राजकीय अधिकारी, ‘डीसीएम’ म्हणजे राजदूताच्या खालोखालचा. ‘रेफटेल’ म्हणजे मायन्यात उल्लेख केलेली तार. ‘सेपटेल’ दिसला की समजावं, खरी गोष्ट वेगळ्या तारेत पाठवली आहे. मग तीच तारीख, तेच ठिकाण आणि मागचेपुढचे पाच-दहा क्रमांक चाळायचे.

‘रेफ’ची साखळी मागे मागे नेली की मोठं घबाड हाती लागतं. मुंबईची तार दिल्लीला जाते, दिल्ली तिच्यातलं काही उचलून आपल्या आढाव्यात घालते. मुंबईने लिहिलेली कोणती शंका दिल्लीच्या आढाव्यात गळाली, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. बातमी वर चढताना बोथट होते की धारदार, याचा असा हातात धरता येणारा पुरावा दुसरीकडे क्वचित मिळतो. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांची तिथून आलेली पत्रं आणि त्यावरून पुण्यात झालेले निर्णय ज्यांनी ताडून पाहिलेत, त्यांना या कामाची गोडी वेगळी सांगायला नको.

तळाशी एक आडनाव असतं. तो लेखक नव्हे. वकिलातीच्या प्रमुखाचं नाव प्रत्येक तारेखाली जातं, मग ती रोजगार भरतीची असो की व्हिसाच्या फॉर्मची. १९७५च्या उत्तरार्धात दिल्लीच्या तारांखाली ‘सॅक्सबी’ दिसतं, कारण विल्यम सॅक्सबी राजदूत होते. वॉशिंग्टनहून निघालेल्या तारांखाली त्या काळी ‘किसिंजर’, कारण तोवर ते परराष्ट्रमंत्री झाले होते. त्यामुळे ‘किसिंजर यांनी मुंबईला कळवलं की’ असं लिहिण्याआधी दहादा विचार करा. किसिंजर प्रवासात असताना त्यांच्याकडे जाणाऱ्या तारांवर ‘टोसेक’ आणि त्यांच्याकडून येणाऱ्यांवर ‘सेक्टो’ असा क्रम असतो. त्यांनी स्वतः पाहिलेलं काही हवं असेल तर शोध तिथून सुरू करावा.

जे सापडत नाही

न सापडण्याची कारणं चार, आणि चारही वेगवेगळी. पहिलं, तार अजून गोपनीय आहे. अशा वेळी मजकुराऐवजी ‘विड्रॉवल कार्ड’ मिळतं, त्यावर निदान क्रमांक आणि तारीख असते. माहिती अर्जाला तेवढं पुरतं. दुसरं, कागद तारेने गेलाच नाही. लांबलचक अहवाल ‘एअरग्राम’ म्हणून थैलीतून जात आणि त्यांचे क्रमांक ‘ए’ने सुरू होत. फिल्म क्रमांक ‘पी’ने सुरू होत असेल तर मजकूर संगणकात नाही, मायक्रोफिल्मवर आहे, आणि त्याची प्रत मागवावी लागते. ‘डी’ने सुरू होत असेल तर तो संगणकीय. थैलीचं सांगायचं तर १९६१च्या व्हिएन्ना कराराच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे राजनैतिक थैली उघडता किंवा अडवता येत नाही, म्हणून जाडजूड आणि निवांत लेखन त्यातून जाई. तिसरं, अतिगुप्त तारा या संचात नाहीतच.

चौथं कारण आपल्याला सर्वांत जास्त बोचणारं. एका प्रणालीतून दुसरीत नेताना काही तारांचा मजकूर कायमचा बिघडला. १९७५च्या डिसेंबरचा पहिला पंधरवडा, १९७६चा मार्च आणि जून या काळांत मोठी भगदाडं आहेत. तिन्ही आणीबाणीतली. त्या आठवड्यांत वकिलात गप्प होती, असा निष्कर्ष काढू नका. मायन्याची नोंद शिल्लक असेल तर विषय कळतो, आणि दुसऱ्या वकिलातीच्या ‘रेफ’मधून थोडाफार आशय उकलतो.

फुटलेल्या तारा

२८ नोव्हेंबर २०१०पासून विकिलीक्सने प्रसिद्ध केलेल्या २,५१,२८७ तारा हा वेगळा प्रकार. त्यांच्यावर ‘सिपडिस’ ही चिठ्ठी दिसते. ही तार सैन्य आणि इतर खात्यांच्या सामायिक गुप्त जाळ्यावर ठेवावी, असा तिचा अर्थ. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर खात्याखात्यांतल्या भिंती पाडण्यासाठी ही सोय वाढवली गेली, आणि त्याच दारातून इराकमधल्या एका सैनिकाने ढीग उचलला. नंतर खात्याने आपला साठा त्या जाळ्यावरून काढून घेतला. त्या ढिगातल्या १,३३,८८७ तारा मुळात गोपनीय नव्हत्याच, १,०१,७४८ ‘कॉन्फिडेन्शियल’ आणि १५,६५२ ‘सीक्रेट’ होत्या. ‘टॉप सीक्रेट’ एकही नाही, कारण त्या जाळ्यावर तेवढी वरची पायरी चढतच नाही. म्हणून ‘यात नाही, म्हणजे घडलं नाही’ हा तर्क इथे सपशेल फसतो.

या काळात प्रत्येक परिच्छेदापुढे कंसात अक्षर येतं: ‘यू’ खुलं, ‘एसबीयू’ संवेदनशील पण वर्गीकरणाबाहेरचं, ‘सी’ आणि ‘एस’. मायन्यात ‘रीझन १.४ (बी) (डी)’ असेल तर कारण अनुक्रमे परकीय सरकारने दिलेली माहिती आणि परराष्ट्रसंबंध. नावापुढे ‘प्रोटेक्ट’ किंवा ‘स्ट्रिक्टली प्रोटेक्ट’ असेल तर त्या माणसाने विश्वासाने बोलण्याची अट घातली होती किंवा त्याला धोका होता. मंत्री-पुढाऱ्यांचं सोडा, पण अशी खूण असलेल्या साध्या पत्रकाराचं किंवा कार्यकर्त्याचं नाव लेखात घालू नका. ‘एका स्थानिक कार्यकर्त्याने’ म्हटल्याने मुद्दा कमजोर होत नाही.

आपल्या बाजूचा कागद

भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या अभिलेखागारात गेलेल्या फायली ‘अभिलेख पटल’ या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पोर्टलवर शोधता येतात. १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानंतरही सगळं तिथे आलेलं नाही. तरी तारेत जी भेट नोंदली आहे, त्या तारखेच्या आसपासची फाइल बघायचीच. एकाच बैठकीच्या दोन टिपणांत प्रत्येक बाजू आपण कसं खडसावलं तेच लिहिते.

टिपण

प्रत्येक तारेसाठी एक कार्ड: पाठवणारं ठिकाण आणि क्रमांक, ग्रिनिच वेळ, भारतीय वेळ, निकडीचं अक्षर, पायरी, चिठ्ठी, ‘टू’ आणि ‘इन्फो’, रेफ, तीन आवाजांपैकी कोणाचं वाक्य उचललं ते, आणि फिल्म क्रमांक. नुसती वेबपत्त्याची ओळ पुरत नाही, पत्ते बदलतात. ठिकाण, वर्ष आणि क्रमांक मात्र बदलत नाहीत. कोणी तुमचं वाक्य तपासायला घेतलं तर ‘१९७५ बॉम्बे’ आणि पुढचा आकडा एवढ्यावर त्याला तीच तार पुन्हा काढता आली पाहिजे.